वाचकांचे प्रश्न : दोष गाडीचा, दावा विम्याचा, पैसे कोणी द्यायचे?

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे इंदूरच्या वाचकांची जी पत्रे आली, त्यांतल्या पाच पत्रांचा विषय एकच निघाला. गाडीत काहीतरी बिघडले, त्यातून नुकसान झाले, आणि विमा कंपनी व गाडी बनवणारी कंपनी एकमेकींकडे बोट दाखवत आहेत. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत आणि नावे गाळली आहेत.

प्रश्न : आमची पेट्रोलवर चालणारी गाडी अडीच वर्षांची आहे. फेब्रुवारीत एका रात्री ती घरासमोर रस्त्याच्या कडेला उभी असताना बॉनेटखालून धूर येऊ लागला. फायर ब्रिगेड पोहोचेपर्यंत पुढचा सगळा भाग जळाला आणि शेजाऱ्यांची स्कूटरही जळाली. विमा कंपनीतर्फे नुकसान पाहायला आलेले सर्व्हेअर म्हणतात की वायरिंगमध्ये कारखान्यातलाच दोष आहे, तेव्हा तुम्ही गाडीच्या कंपनीकडे जा. कंपनीच्या माणसाने बाहेरून बसवून घेतलेला हॉर्न आणि जादा दिवे पाहिले आणि तो म्हणाला की हे आमचे काम नाही, विमा कशासाठी काढलात? आम्ही नक्की कोणाच्या दारात उभे राहायचे? (एक वाचक भगिनी, सुदामानगर)

उत्तर : ताई, आधी विमा कंपनीच्या दारात. सर्व्हेअरांनी जे तोंडी सांगितले ते खरे मानले, तरी त्याने विमा कंपनीची जबाबदारी संपत नाही. आपल्याकडच्या खाजगी गाडीच्या पॅकेज पॉलिसीत, म्हणजे पूर्ण विम्यात, ज्या कारणांनी झालेले नुकसान भरून मिळते त्यांत आग, स्फोट, वीज पडणे आणि गाडीने आपोआप पेट घेणे ही कारणे स्पष्ट शब्दांत लिहिलेली असतात. आग कारखान्यातल्या चुकीमुळे लागली असेल तर भरपाई नाही, अशी अट त्यात नसते. वगळलेले असते ते वेगळेच : झीज, घसारा आणि यांत्रिक किंवा विद्युत बिघाड. याचा अर्थ असा की जी वायर किंवा जो फ्यूजबॉक्स स्वतःच निकामी झाला त्याची किंमत विमा कंपनी कापू शकते, पण त्यातून पसरलेल्या आगीत जे जळाले ते तिने द्यायचे आहे. काही शे रुपयांच्या वायरीवरून काही लाखांचा दावा नाकारायचा, हा अर्थ मला तरी पॉलिसीच्या शब्दांतून निघताना दिसत नाही.

म्हणून पहिले काम हे करा की दावा नाकारला असेल तर तो कोणत्या कलमाखाली नाकारला हे लेखी मागा आणि सर्व्हे अहवालाची प्रतही मागा. मोटार विम्यात ५० हजार रुपये किंवा त्याहून अधिक नुकसान असेल तर परवानाधारक सर्व्हेअरचा अहवाल लागतोच, आणि पुढे सगळे भांडण त्या अहवालातल्या दोन-तीन वाक्यांवर चालते. सर्व्हेअर अंगणात उभे राहून काय म्हणाले याला किंमत नाही; त्यांनी कागदावर काय लिहिले त्याला आहे. लेखी तक्रार करूनही महिनाभरात समाधान झाले नाही, तर भोपाळच्या विमा लोकपालांकडे जाता येते. तिथे शुल्क नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात आणि तुम्ही मान्य केलेला निवाडा विमा कंपनीवर बंधनकारक असतो.

दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमित किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांहून अधिक झाला तर गाडी पूर्ण नष्ट झाली असे धरतात. आयडीव्ही समजा ७ लाख असेल तर ५ लाख २५ हजारांच्या पुढे हिशोब बदलतो, आणि मग ती जळकी गाडी सॅल्व्हेज, म्हणजे उरलेला भंगार माल, म्हणून बहुधा विमा कंपनीच्या ताब्यात जाते. लोक नेमके इथेच फसतात. पैसे मिळण्याच्या घाईत गाडी उचलून दिली जाते, ती भंगारात विकली जाते आणि सहा महिन्यांनी गाडीच्या कंपनीवर तक्रार करायची वेळ येते तेव्हा दाखवायला जळालेले काहीच उरत नाही. गाडी हलवण्यापूर्वी दोन्ही कंपन्यांना एकाच मजकुराचे पत्र पाठवा, अमुक तारखेला संयुक्त तपासणी करावी असे कळवा, आणि त्या दिवशी स्वतः हजर राहा.

तपासणीत काय पाहायचे तेही सांगतो. जळालेल्या वायरीच्या टोकाला कधी कधी तांबे वितळून मोहरीएवढा गोल मणी झालेला असतो. तो मणी सांगतो की त्या जागी वीज चालू असताना ठिणगी उडाली. पण आग त्या ठिणगीने लागली की आधीच लागलेल्या आगीने वायरीचे आवरण जळून मग ठिणगी उडाली, हे एकटा मणी सांगत नाही. म्हणून आग कुठून सुरू झाली हे ठरवणे महत्त्वाचे. हॉर्न आणि दिव्यांसाठी मिस्त्रीने मूळ वायर सोलून, पीळ देऊन, वर काळी टेप गुंडाळलेली असते. तो जोड जिथे आहे तिथूनच आग पसरल्याचे दिसले तर कंपनीची बाजू जड होईल. तो जोड उजवीकडच्या दिव्यापाशी असून आग डावीकडे बॅटरीजवळ सुरू झालेली दिसली, तर बाहेरच्या हॉर्नचा बहाणा टिकणे कठीण आहे. त्या जागेचे जवळून आणि दुरून असे दोन्ही फोटो हवेत. फायर ब्रिगेडचा दाखलाही काढून ठेवा, कारण त्यात वेळ आणि जागा यांची नोंद असते.

आता गाडीच्या कंपनीविषयी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला, ८२ ते ८७ या कलमांत उत्पादनाच्या दोषाची जबाबदारी पहिल्यांदाच स्वतंत्रपणे लिहिली गेली. वस्तूत बदल केला होता म्हणून दावाच चालणार नाही, हा बचाव कलम ८७ मध्ये आहे खरा, पण तिथे तो विक्रेत्यासाठी लिहिलेला आहे. उत्पादक हाच मुद्दा वेगळ्या वाटेने आणतो, की नुकसान आमच्या दोषाने झालेच नाही, तुमच्या बदलाने झाले. त्याचे उत्तर वर सांगितलेल्या तपासणीत आहे.

याच कायद्यातली एक बारीक गोष्ट पुष्कळदा वकीलही नजरेआड करतात. या कलमांखाली जी 'हानी' धरली जाते तिच्यात खुद्द सदोष वस्तूचे नुकसान येत नाही. शारीरिक इजा, मानसिक त्रास आणि दुसऱ्या मालमत्तेचे नुकसान येते. तुमचे फाटक किंवा गाडीत ठेवलेले सामान जळाले असेल तर त्याची भरपाई या कलमांखाली, आणि गाडीची किंमत किंवा बदली गाडी ही सदोष मालाची साधी तक्रार म्हणून, अशा दोन मागण्या एकाच अर्जात नीट वेगळ्या मांडा. गाडीची दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाते, आणि तुम्ही इंदुरात राहता म्हणून ती इंदुरातच करता येते. कंपनीचे कार्यालय चेन्नईला असो की गुरुग्रामला. मुदत दोन वर्षांची आहे. विम्याचा पत्रव्यवहार चालू आहे म्हणून ती थांबेल, या भरवशावर राहू नका.

तुम्ही पत्राच्या शेवटी विचारले आहे की पीथमपूरला एवढे मोठे तपासणी केंद्र आहे, तिथे गाडी नेता येईल का. त्या केंद्राची, म्हणजे नॅट्रॅक्सची, ११.३ किलोमीटरची वेगवान धावपट्टी २०२१ मध्ये सुरू झाली याचा आपल्याला अभिमान आहेच, पण ते केंद्र मुख्यतः उत्पादकांच्या वाहन चाचण्यांसाठी आहे. तुमच्या उपयोगाचे आहे ते ग्राहक कायद्याचे कलम ३८. दोष तपासणीशिवाय ठरवता येत नसेल तर त्या कलमाखाली आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. तसा अर्ज तक्रारीसोबतच द्या.

राहिली शेजाऱ्यांची स्कूटर. तिचा स्वतःचा पूर्ण विमा असेल तर तिकडून भरपाई मिळेल. नसेल तर तुमच्या पॉलिसीच्या थर्ड पार्टी भागात दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी साधारणपणे साडेसात लाखांपर्यंत संरक्षण असते. उभ्या गाडीने झालेले नुकसान हा गाडीचा 'वापर' कसा, असे कोणी म्हणाले तर १९९१ चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय दाखवा. पुणे-बंगळूर महामार्गावर १९८७ मध्ये उलटलेल्या पेट्रोल टँकरचा काही तासांनी स्फोट झाला होता. तो टँकर चालत नसतानाही वापरातच होता, असे न्यायालयाने धरले.

प्रश्न : बायपासवर माझ्या गाडीचे पुढचे चाक एकाएकी वाकडे झाले आणि गाडी दुभाजकावर चढली. एकूण खर्च ४ लाख ६० हजार आला. विमा कंपनीने ३ लाख ४० हजार मंजूर केले. आता ते म्हणतात की हा निर्मितीदोष आहे, आम्ही गाडीच्या कंपनीकडून वसूल करू, तुम्ही या पत्रावर सही करा. पत्र इंग्रजीत चार पानी आहे. सही करावी का? (एक निवृत्त शिक्षक, तिलकनगर)

उत्तर : सर, सही करायला हरकत नाही, पण वाचून. या पत्राला सब्रोगेशनचे पत्र म्हणतात. तुमचे नुकसान ज्याच्या चुकीने झाले त्याच्याकडून पैसे मागण्याचा तुमचा जो हक्क आहे, तो विमा कंपनीने तुम्हाला पैसे दिले म्हणून, तिने दिले तेवढ्यापुरता, तिच्याकडे येतो. तुम्हाला एकाच नुकसानीचे पैसे दोनदा मिळू नयेत आणि चूक करणारा मात्र विम्याच्या आडोशाने सुटू नये, असा त्यामागचा सरळ विचार आहे. मला तो न्याय्य वाटतो. दोष कारखान्याचा असेल तर त्याचा भार शेवटी आपल्या सर्वांच्या हप्त्यांवर का पडावा?

अमेरिकेत हेच मोठ्या प्रमाणावर घडले. २००९-१० मध्ये टोयोटाच्या काही गाड्या आपोआप वेग घेतात अशा तक्रारी वाढल्या आणि कंपनीला लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. पायपुसणे पेडलमध्ये अडकणे आणि पेडल दाबलेलेच राहणे ही त्यामागची मुख्य कारणे मानली गेली. ऑलस्टेट आणि इतर काही विमा कंपन्यांनी आपापल्या ग्राहकांचे अपघातांचे दावे आधी चुकते केले आणि मग तो पैसा परत मिळावा म्हणून टोयोटाला न्यायालयात खेचले. ब्रेक दाबताच इंजिनाचा जोर तोडणारी व्यवस्था गाडीत असायला हवी होती, असे त्यांचे म्हणणे होते. फेब्रुवारी २०११ मध्ये नासाच्या अभियंत्यांच्या तपासणीत इलेक्ट्रॉनिक बिघाडाचा पुरावा मिळाला नाही; तरीही सुरक्षेविषयी दिशाभूल केल्याच्या फौजदारी चौकशीत २०१४ साली टोयोटाने १२० कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. दोष आहे की नाही यावर तज्ज्ञांचा वाद वर्षानुवर्षे चालू राहिला, पण अपघातग्रस्त गाडीमालकाला तो संपेपर्यंत ताटकळावे लागले नाही. भरपाईचा हा क्रम आपल्याकडेही लागू आहे.

आपल्याकडे याचा पाया म्हणजे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाचा फेब्रुवारी २०१० चा निर्णय. माल वाहतुकीच्या त्या प्रकरणात न्यायालयाने सांगितले की साध्या सब्रोगेशनमध्ये तक्रार विमाधारकाच्या नावाने, किंवा विमाधारक आणि विमा कंपनी यांच्या संयुक्त नावाने चालू शकते. मात्र हक्क विमा कंपनीला पूर्णपणे विकून टाकल्यासारखे पत्र असेल तर ती एकटी ग्राहक म्हणून आयोगापुढे उभी राहू शकत नाही. तुमच्या चार पानांत 'असाइन' हा शब्द कुठे आहे का ते बघा. तो असेल तर वसूल झालेली सगळी रक्कम विमा कंपनी ठेवू शकेल आणि तुमच्या खिशातून गेलेले १ लाख २० हजार तुमच्या हातून जातील. सही करण्यापूर्वी लेखी लिहून घ्या की घसारा आणि इतर कपातीपोटी मी सोसलेल्या १ लाख २० हजारांचा हक्क माझ्याकडेच राहील आणि वसुलीच्या दाव्यात ती रक्कमही मागितली जाईल. दावा घेतल्यामुळे नो-क्लेम बोनस, म्हणजे दावा न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, शून्यावर येतो, तो तोटाही त्यात धरा. पाच वर्षे सांभाळलेला बोनस ५० टक्क्यांचा असतो, ही किरकोळ गोष्ट नाही.

आणि एक काळजी घ्या. हे पत्र देऊन झाल्यावर किंवा देण्याआधीही, विमा कंपनीला न विचारता गाडीच्या कंपनीशी तडजोड करू नका. 'सद्भावनेने ५० हजार घ्या आणि तक्रार संपली असे लिहून द्या' असा फोन येतो. तुम्ही तसे लिहून दिलेत तर विमा कंपनीचा वसुलीचा हक्क बुडतो आणि मग ती तुमच्याकडे पैसे परत मागू शकते.

प्रश्न : भेरूघाट उतरताना माझ्या गाडीचे ब्रेक लागेनासे झाले आणि पुढच्या मोटारसायकलस्वाराच्या पायाचे हाड मोडले. ब्रेकचा दोष कंपनीचा असताना मी किंवा माझ्या विमा कंपनीने त्याला पैसे का द्यावेत? (एक वाचक, राजेंद्रनगर)

उत्तर : तो स्वार रस्त्यावर पडला तेव्हा ब्रेकची नळी कोणी बनवली याच्याशी त्याचा काही संबंध नव्हता. म्हणून कायदा त्याला तुमच्या भांडणात गुंतवत नाही. अपघात दावा न्यायाधिकरणापुढे तो तुमच्यावर आणि तुमच्या विमा कंपनीवर दावा करेल. चूक सिद्ध न करताही मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख आणि मृत्यूसाठी पाच लाख अशी रक्कम ठरलेली आहे. अधिक भरपाई हवी असेल तर कलम १६६ ची वाट आहे. थर्ड पार्टीला पैसे नाकारण्याची कारणे कायद्याने मोजकी ठेवली आहेत आणि ब्रेक निकामी होणे हे त्यांत नाही.

मालकाच्या बचावाविषयी सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच सांगून ठेवले आहे की यांत्रिक बिघाडाचे कारण पुढे करणाऱ्याने तो दोष दडलेला होता आणि वाजवी काळजी घेऊनही कळला नसता, हे स्वतः दाखवायला हवे. तुमच्या सर्व्हिसच्या पावत्या इथे कामाला येतील. ब्रेक ऑइल शेवटचे कधी बदलले, पॅड किती उरले होते, हे त्यांवर असते. स्पष्टच विचारतो, घाटात तुम्ही गाडी कोणत्या गिअरमध्ये उतरवत होता? सलग ब्रेकवर पाय ठेवून उतरले की ब्रेक तापतात आणि निर्दोष गाडीतही पकड सुटते. तसे असेल तर कंपनीवरचा दावा उभाच राहणार नाही. नळी फुटली असेल किंवा मास्टर सिलिंडरचे सील गेले असेल तर तो सुटा भाग गॅरेजमध्ये सोडू नका. तारीख लिहिलेल्या पिशवीत, मिस्त्रीच्या सहीच्या चिठ्ठीसह घरी आणा.

प्रश्न : समोरून धडक होऊनही एअरबॅग उघडल्या नाहीत. यजमानांच्या छातीला मार लागला. गाडीचे पैसे विम्यातून मिळाले, पण दवाखान्याच्या खर्चाचे काय? (एक वाचक भगिनी, लोकमान्यनगर)

उत्तर : गाडीच्या पॉलिसीतला मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा मृत्यू आणि कायमचे अपंगत्व यांसाठी असतो, दवाखान्याचे बिल त्यातून मिळत नाही. आरोग्य विमा असेल तर तो वापरा आणि उरलेल्या खर्चासाठी गाडीच्या कंपनीकडे वळा.

तुमच्यासारख्याच प्रकरणात २० एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ह्युंदाईचे अपील फेटाळले. २०१५ मध्ये घेतलेल्या क्रेटा गाडीला २०१७ मध्ये दिल्ली-पानिपत महामार्गावर अपघात झाला आणि एअरबॅग उघडल्या नाहीत. धडकेचा जोर पुरेसा नव्हता, असे कंपनी म्हणत होती. वेग आणि बल यांचे गणित मांडणारा भौतिकशास्त्राचा तज्ज्ञ असणे ग्राहकाकडून अपेक्षित नाही, असे न्यायालयाने सांगितले आणि उपचार व बुडालेल्या उत्पन्नापोटी २ लाख, मानसिक त्रासापोटी ५० हजार, खर्चापोटी ५० हजार आणि गाडी बदलून देण्याचा आदेश कायम केला. समोरच्या प्रत्येक धडकेत एअरबॅग उघडायलाच हवी असा याचा अर्थ नाही. पण पुढचा भाग किती आत गेला आहे हे फोटोत दिसत असेल तर उत्तर देण्याची पाळी कंपनीची आहे. गाडी दुरुस्त होऊन आली असेल तर एक गोष्ट आजच विचारा : एअरबॅगच्या कंट्रोल युनिटमधली धडकेची नोंद कोणी वाचली का, आणि जुने युनिट कुठे आहे? नवे बसवून जुने टाकून दिले की ती नोंद जाते.

प्रश्न : माझ्या गाडीच्या मॉडेलचे रिकॉल झाल्याचे वाचले. पत्र आलेले नाही. अपघात झाला तर विमा नाकारतील का? (एक वाचक, रामबाग)

उत्तर : रिकॉल झालेली, म्हणजे दोषासाठी कंपनीने परत बोलावलेली, गाडी चालवली एवढ्यावरून विमा रद्द होत नाही. पण बोलावणे येऊनही महिनोन्महिने गेला नाहीत आणि त्याच भागाने अपघात केला, तर तुम्ही वाजवी काळजी घेतली नाही, असे दोन्ही कंपन्या म्हणतील आणि ते खोडणे अवघड जाईल. पत्राची वाट पाहू नका. आरसीवरचा चॅसिस नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकला की कळते. रिकॉलची दुरुस्ती फुकट असते. सप्टेंबर २०२१ मध्ये मारुतीने एका भागासाठी १ लाख ८१ हजार ७५४ पेट्रोल गाड्या तपासायला बोलावल्या होत्या, त्याही बिनखर्चाच्याच. कंपनी आपणहून पुढे आली नाही तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ११०-अ खाली सरकार सात वर्षांपर्यंतच्या गाड्या परत बोलवायला लावू शकते, आणि त्यासाठी मालकांच्या तक्रारी नोंदल्या जाव्या लागतात. तुमच्या गाडीत तो दोष जाणवला असेल तर वर्कशॉपच्या जॉबकार्डावर तो तुमच्याच शब्दांत लिहून घ्या. सल्लागाराने 'जनरल चेकअप' असे लिहिलेले असेल तर सही करण्याआधी ते खोडून दुरुस्त करायला सांगा.